माँ ब्लाँभोवतीची वाट

फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन राष्ट्रांच्या सरहद्दी जेथे एकमेकींना भिडतात, तेथे आल्प्स पर्वताचे सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ, सुमारे ४,८०६ मीटर उंचीचे, आपल्या हिमनद्या आणि ग्रॅनाइटचे सुळके यांच्या परिवारासह उभे आहे. आणि या शिखरसमूहाला चहूबाजूंनी वेढून, एका खोऱ्यातून चढून खिंड गाठावी व पलीकडच्या खोऱ्यात उतरावे, या क्रमाने पुन्हा मूळ गावी येऊन मिळणारी एक जुनी पाऊलवाट आहे. सामान्य पदयात्री ही फेरी दहा-अकरा दिवसांत, रोज एक मजल मारून आणि रात्री डोंगरावरील विश्रामगृहात मुक्काम करून, पुरी करतो. परंतु प्रतिवर्षी ऑगस्टच्या अखेरीस सुमारे अडीच हजार स्त्रीपुरुष शामोनी या फ्रेंच गावातील चर्चसमोरच्या चौकातून शुक्रवारी सायंकाळी निघतात, ते हीच प्रदक्षिणा एका दमात पुरी करण्याच्या संकल्पाने. आपल्याकडे प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवण्याचा शिरस्ता आहे. येथे मात्र फेरी उलट्या दिशेने चालते आणि पर्वत अखेरपर्यंत डाव्या हातालाच राहतो.

अंतर सुमारे १७१ किलोमीटर, एकूण चढ सुमारे १०,००० मीटर, आणि वाट जेथून निघाली तेथेच परतत असल्यामुळे उतारही नेमका तितकाच. सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीपासून माथ्यापर्यंतचा चढ सुमारे सहाशे मीटरांचा धरला, तर तो सोळा-सतरा वेळा चढावा आणि तितक्याच वेळा उतरावा, एवढे हे काम आहे. त्यासाठी दिलेली मुदत ४६ तास ३० मिनिटांची. बेचाळीस किलोमीटरांच्या नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षा जी धाव अधिक लांबीची, तिला अल्ट्रामॅरेथॉन म्हणण्याचा प्रघात आहे, आणि ‘अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लाँ’, संक्षेपाने यूटीएमबी, ही डोंगरवाटांवरील अशा धावांमध्ये आज सर्वांत प्रसिद्ध मानली जाते. मुदतीच्या अगदी काठावर परतणाऱ्याची सरासरी गती ताशी पावणेचार किलोमीटरांहूनही कमी भरते. म्हणजे सपाट रस्त्यावर रमतगमत चालणाऱ्याची जी गती, तीच. एवढ्या मंद गतीने संपणाऱ्या धावेत निघालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसे वाटेतच का थांबतात, हा प्रश्न ज्याला पडेल त्याला या शर्यतीचे मर्म शोधावे लागेल.

ते मर्म वाटेत आहे, असे माझे मत आहे. येथे धावणाऱ्याची गाठ प्रतिस्पर्ध्याशी फार उशिरा पडते. पहिली गाठ पडते ती वाटेशी, आणि ही वाट शर्यतीपेक्षा कित्येक शतकांनी वडील आहे. तिची वळणे ज्यांनी पाडली त्यांना धावायचे नव्हतेच. त्यांना गुरे, धान्यामिठाच्या गोण्या, लादलेली खेचरे आणि स्वतःचा जीव ही सर्व अंधार पडण्यापूर्वी खिंडीपलीकडे सुखरूप न्यावयाची होती. आल्प्समधील गुराखी जूनच्या सुमारास बर्फ वितळताच गायी घेऊन वरच्या कुरणांत जातो, उन्हाळाभर तेथेच दूध काढून त्याचे चीज बनवितो, आणि शरद ऋतू लागताच खाली उतरतो. ही ये-जा शतकानुशतके चालत आली आहे. शर्यतीच्या वाटेवरील ले शापिये या वस्तीच्या आसमंतात बोफोर नावाचे, आणि पलीकडे इटलीच्या आओस्ता खोऱ्यात फोंतिना नावाचे जे नामांकित चीज होते, ते याच कुरणांचे देणे होय. ले काँतामीन गाव ओलांडून नोत्र-दाम द ला गोर्ज या तीर्थस्थानाच्या देवळापाशी पोचले की दगडी फरसबंदीची एक खडी वाट वर चढू लागते, तिला तेथील लोक आजही रोमन रस्ता म्हणतात. पहिल्या रात्री, कपाळाला दिवा बांधून, धावपटू या फरशीवरून जातात तेव्हा प्रेक्षकांनी दुतर्फा पेटविलेल्या शेकोट्यांच्या उजेडात त्यांच्यातील बहुतेक सर्वजण चालत असतात; आणि चालणे हेच तेथे शहाणपणाचे असते.

सरहद्दींची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. आज या फेरीत धावपटू सेन्यच्या खिंडीत, २,५१६ मीटर उंचीवर, फ्रान्समधून इटलीत शिरतो. ग्राँ फेरेच्या खिंडीत, २,५३७ मीटरवर, इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये. आणि त्रियाँ गाव सोडल्यावरच्या डोंगरावर पुन्हा फ्रान्समध्ये. परंतु यांपैकी पहिली सरहद्द फार जुनी नाही. शामोनी आणि इटलीतील कूर्मायर ही दोन्ही गावे १८६० पर्यंत सव्हॉय घराण्याच्या एकाच अंमलाखाली, सार्डिनियाच्या राज्यात, नांदत होती. त्या वर्षी तुरिन येथे तह झाला, सव्हॉयचा मुलूख फ्रान्सच्या पदरात पडला, आणि जी खिंड तोवर एकाच मुलखातील दोन खोऱ्यांना जोडीत होती ती दोन राष्ट्रांमधील सीमारेषा बनली. सेन्यच्या खिंडीखाली इटलीच्या बाजूला जकातीच्या पहारेकऱ्यांची एक जुनी दगडी चौकी आहे. तिच्यात आता पर्वतनिसर्गाची माहिती देणारे केंद्र चालते, आणि जेथे गोण्यांची झडती होत असे त्या दारावरून आज कोणी कोणाचा परवाना न विचारता माणसे जातात. पाण्याने मात्र या तहाची दखल कधीच घेतली नाही. कूर्मायरचे पाणी पो नदीला मिळून एड्रियाटिकला जाते, तर ग्राँ फेरेपलीकडचे ऱ्होन नदीवाटे भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्याला. खिंड ओलांडणे म्हणजे खरोखर काय, ते या जलविभाजकांवर उभे राहिल्यावाचून कळत नाही.

या वाटांची एक अखंड फेरी होऊ शकते ही जाणीव पसरविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाकडे जाते. १७६० साली, अवघ्या विशीत, तो शामोनीला आला, आणि माँ ब्लाँच्या माथ्यावर जाण्याचा मार्ग जो शोधील त्याला इनाम देण्याचे त्याने जाहीर केले. झाक बाल्मा हा स्फटिक शोधीत हिंडणारा डोंगरी माणूस आणि मिशेल-गाब्रिएल पाकार हा गावचा वैद्य, या दोघांनी ८ ऑगस्ट १७८६ रोजी ते शिखर गाठले. सोस्यूर स्वतः पुढच्या वर्षी वर गेला. पण त्याच्या कितीतरी आधी, १७६७ साली, त्याने या पर्वतसमूहाभोवती फेरी केली होती, आणि ती कुतूहलाने, खडक आणि हिमनद्या न्याहाळीत. शिखर जिंकता येत नाही तोवर त्याच्याभोवती फिरून त्याला समजून घ्यावे, ही वृत्ती मला त्या आरोहणाइतकीच थोर वाटते. आणि १७७९ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आल्प्सप्रवासाच्या ग्रंथामुळे युरोपातील वाचकांना हा प्रदेश परिचयाचा झाला.

शर्यत म्हणून या फेरीचा आजचा अवतार २००३ सालचा. शामोनीच्या मिशेल आणि कातरीन पोलेती या दांपत्याने काही स्नेह्यांसह तिची योजना केली. पहिल्याच वर्षी हवा बिघडली. निघालेल्या सुमारे सातशे जणांपैकी संपूर्ण फेरी करून परतले ते केवळ ६७. त्यांत सर्वांत आधी, वीस तासांहून किंचित अधिक वेळात, पोचला तो नेपाळचा दावा शेर्पा, जो पुढे हिवाळी ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये आपल्या देशातर्फे उतरला. हिमालयाच्या मुलाने आल्प्सच्या या धावेतील पहिला मान मिळवावा, ही मला मोठी आनंदाची गोष्ट वाटते.

आता शरीराकडे वळू. कारण सर्वसामान्य वाचकाची समजूत अशी असते की अशा धावेत माणूस चढावर हरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. चढावर श्वास लागतो, हृदय धडधडते, परंतु हा त्रास उघड असतो आणि गती कमी करताच तो ओसरतो. चढ एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला की धावण्यापेक्षा लांब पावले टाकीत, हातांतील काठ्यांवर भार देत चालणे कमी शक्तीत होते, हे अग्रभागी असणारे धावपटूही जाणतात. घात होतो तो उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरीत असतो, आणि लांबत असताना भार पेलणाऱ्या स्नायूचे सूक्ष्म तंतू उसवतात. त्या वेळी वेदना होत नाही. उलट, वारा कानांत वाजत असतो, अंतर झपाट्याने कटत असते, आणि धावणाऱ्याला आपण फुकटात पुढे जात आहो असे वाटते. पहिल्या रात्री सँ-झेर्वे गावाकडच्या उतारावर केलेल्या या उधळपट्टीचा हिशेब दुसऱ्या दिवशी, इटलीत, चुकता करावा लागतो. कूर्मायरच्या मोठ्या विश्रांतिस्थानी जे शर्यत सोडतात त्यांच्यापैकी अनेकांच्या मांड्या तेथे पोचेपर्यंत एखादी पायरीही उतरू देत नाहीत.

याविषयी शास्त्रज्ञांनी केलेले मापन लक्षात ठेवण्याजोगे आहे. गियोम मिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शर्यतीतील अनुभवी धावपटूंची शर्यतीआधी व नंतर तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मांडी आणि पोटरी या दोहोंच्या स्नायूंचे बळ एक तृतीयांशाहून अधिक घटलेले आढळले, आणि ते पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागले. परंतु त्याहून विलक्षण निष्कर्ष पुढचा होता. शेजारच्या आओस्ता खोऱ्यात ‘तोर दे झेआँ’ नावाची याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची, सुमारे ३३० किलोमीटर आणि २४,००० मीटर चढाची शर्यत होते. तीतील धावपटूंचे स्नायू २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार यूटीएमबी धावणाऱ्यांपेक्षा कमी थकलेले निघाले. वाट दुप्पट आणि झीज कमी! अभ्यासकांच्या मते कारण हे असावे की पुढे किती मोठी मजल आहे हे पहिल्या पावलापासून जाणवत असल्यामुळे ती माणसे आरंभापासून आवरून चालली होती. लादलेल्या खेचरामागून खिंड चढणाऱ्या जुन्या वाटसरूला हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. ते त्याच्या वाटेच्या वळणांतच गोठलेले होते.

मांड्यांखालोखाल दगा देते ते पोट. दीर्घ श्रमात रक्ताचा ओघ स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतो, आतड्यांच्या वाट्याला थोडे येते, आणि नेमक्या त्याच वेळी शरीराला तासागणिक अन्न हवे असते. पंधरा-वीस तास उलटल्यावर गोड पदार्थांचा उबग येतो, मळमळते, घास फिरतो. म्हणून वाटेतील अन्नछत्रांवर शेवयांचे खारट गरम सूप, चीज, पाव असे साधे पदार्थ ठेवलेले असतात. घाम पुष्कळ गेला म्हणून केवळ पाणीच पाणी पीत राहणेही घातक, कारण त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण खालावते आणि प्रसंगी माणूस बेशुद्ध होऊ शकतो. आणि मग दुसरी रात्र. पहिल्या फळीचे धावपटू ती टाळतात. बहुसंख्यांना मात्र स्वित्झर्लंडमधील शांपे सरोवराच्या पुढचे, बोव्हीनकडचे आणि त्रियाँचे चढउतार दुसऱ्या अंधारातच पार करावे लागतात. या प्रहरी झाडाच्या बुंध्यात माणूस दिसतो, दगड गुरासारखा हलल्याचा भास होतो. झोपेवाचून दोन रात्री काढलेल्या मेंदूचा हा स्वाभाविक व्यापार आहे, आणि जाणते धावपटू अशा वेळी लाज न बाळगता वाटेच्या कडेला दहा-पंधरा मिनिटे पडून घेतात.

आयोजकांचा कडक बंदोबस्त मला मनापासून पटतो. प्रत्येकाने टोपीसह जलाभेद्य जाकीट, दोन दिवे, ऊबदार कपडे, हातमोजे, लांब विजार, अंगाभोवती गुंडाळण्याची चकचकीत पातळ चादर, शिटी, दूरध्वनी, किमान एक लिटर पाणी आणि खाद्य जवळ बाळगलेच पाहिजे, आणि कोणत्याही चौकीवर त्याची झडती घेतली जाऊ शकते. ऑगस्ट महिना असला तरी अडीच हजार मीटरांवरच्या खिंडीत हिमवर्षाव होऊ शकतो. २०१० साली वादळामुळे धाव निघाल्यावर थांबवावी लागली. २०१२ साली खिंडींतील बर्फामुळे ती तोडून फ्रान्सच्या हद्दीतच फिरविली गेली. आणि निष्काळजीपणाची किंमत काय पडते ते २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गांसू प्रांतात दिसले, जेथे शंभर किलोमीटरांच्या एका डोंगरी धावेत थंड वारा, पाऊस आणि गारा यांनी अचानक गाठल्यामुळे एकवीस माणसे मृत्युमुखी पडली. पाठीवरचे ते जाकीट जड वाटते म्हणून कुरकुर करणाऱ्याने गांसूचे स्मरण ठेवावे.

विक्रमांविषयी थोडक्यात. वीस तासांच्या आत ही फेरी प्रथम पुरी केली ती स्पेनच्या किलियन झोर्नेतने, २०२२ साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या जिम वॉम्स्लीने तोही काळ मागे टाकला. परंतु माझे मन रमते ते अन्य दोघांपाशी. इटलीच्या मार्को ओल्मोने, शेतकरी कुळातल्या आणि शाकाहारी असलेल्या या श्रमजीवी माणसाने, २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही धाव जिंकली, तेव्हा त्याचे वय अनुक्रमे ५७ आणि ५८ होते. आणि समुद्रविज्ञानाचा अभ्यास करणारी इंग्लंडची लिझी हॉकर २००५ साली प्रथम येथे उतरली, जिंकली, आणि पुढे आणखी चार वेळा स्त्रियांमध्ये पहिली आली. तारुण्याचा जोर आणि पावलाची चपळाई यांपलीकडचे काही तरी या वाटेवर मोजले जाते, याला याहून सबळ दाखला नको.

एक चिंता मात्र सांगितलीच पाहिजे. २०२१ पासून या शर्यतीची आयर्नमॅन या मोठ्या व्यापारी समूहाशी भागीदारी झाली आहे, आणि माँ ब्लाँच्या मुख्य धावेसाठी सोडतीच्या चिठ्ठीत नाव घालावयाचे तर जगभर भरणाऱ्या त्यांच्याच मालिकेतील धावांमध्ये आधी पात्रता मिळवावी लागते. प्रवास, प्रवेशशुल्क आणि मुक्काम यांचा हा खर्च ओल्मोसारख्या श्रमजीवी माणसाला कसा परवडावा? गुराख्यांनी पाडलेल्या वाटेवर धनिकांचीच गर्दी होऊ लागली, तर ती गोष्ट अन्यायाची होईल. दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक, पुष्कळसे याच खोऱ्यांतील रहिवासी, रात्ररात्र जागून सूप वाढतात आणि गायींच्या गळ्यांतील घंटा वाजवून अनोळखी माणसांना धीर देतात; शर्यतीची खरी मालमत्ता ती आहे, आणि ती विकत मिळणारी नाही.

महाराष्ट्रातही आता डोंगरी धावा होऊ लागल्या असून, सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी पुण्याजवळची लांब पल्ल्याची धाव हौशी मंडळींत चांगलीच परिचित आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी डोंगरधारेची वाट, किंवा जकातीचा दगडी रांजण आजही जेथे उभा आहे तो नाणेघाट, या आल्प्समधील कोणत्याही खिंडीइतक्याच वयोवृद्ध आणि मानी वाटा आहेत. तेव्हा ज्या वाचकाला या विषयाची ओढ वाटत असेल त्याने शामोनीचे विमान गाठण्याची घाई करू नये. त्याने एखादा जुना घाट निवडावा, पहिली काही वर्षे तो केवळ चालावा, उतरण्याचा सराव चढण्यापेक्षा अधिक करावा, पाठीवर नेहमी एक लिटर पाणी, दिवा आणि पावसाचे जाकीट ठेवावे, आणि घाटाखालच्या वाडीतील म्हाताऱ्या माणसांना वाट विचारूनच निघावे. नंतर कधी आल्प्सला जाणे झालेच, तर धावण्याची पात्रता नसली तरी जावे: शर्यतीची वाट साधारणपणे पदयात्रींचीच असून, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती चालणाऱ्या कोणालाही मोकळी असते.